काशीचा 'परम शिवाय' आणि घरचा गेमिंग कॉम्प्युटर : बेताच्या पैशांत यंत्र जुळवण्याचा इतिहास



या मालिकेत आपण एरवी लढाया, घाटवाटा आणि नकाशे पाहतो. आजचा विषय कॉम्प्युटरचा आहे. पण मांडणी नेहमीचीच आहे. मोहीम कोणती होती, साधनं किती होती, आणि आहे त्या साधनांत ती कशी पार पडली, एवढंच आपण पाहणार आहोत.

आज घराघरांत मुलं आणि नातवंडं म्हणतात, तयार कॉम्प्युटर नको, भाग निवडून गेमिंग पीसी जुळवून घेऊ. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तापकीर गल्लीत, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये किंवा बंगळुरूच्या एस. पी. रोडवर असे भाग मिळतात. वडिलांनी साठ-सत्तर हजारांची मर्यादा घातलेली असते. मग वाद सुरू होतो. प्रोसेसर भारी घ्यायचा की ग्राफिक्स कार्ड? मदरबोर्डवर खर्च करायचा की मेमरीवर? हात आखडता कुठे घ्यायचा?

हाच प्रश्न एकेकाळी आपल्या देशापुढेही होता. फक्त रक्कम कोटींत होती. त्याचं उत्तर शोधताना जो रस्ता तयार झाला, तो मुंबईहून पुण्याला आणि पुण्याहून वाराणसीला गेला. त्या रस्त्यावरचे मुक्काम नीट पाहिले तर घरच्या यंत्राचे भाग निवडायलाही त्यांचा उपयोग होतो.

काशी आणि महाराष्ट्र : आकडेमोडीचं जुनं नातं

काशी म्हटलं की आपल्याला गागाभट्ट आठवतात, अहिल्यादेवींनी १७८० मध्ये बांधलेलं विश्वनाथाचं मंदिर आठवतं, पेशव्यांनी आणि मराठी सरदारांनी बांधलेले घाट आठवतात. पण महाराष्ट्रातून काशीला गणितही गेलं. गोदावरीकाठच्या गोलग्राम या गावच्या ज्योतिषी घराण्यातल्या कमलाकराने १६५८ मध्ये काशीतच 'सिद्धान्ततत्त्वविवेक' हा ग्रंथ पुरा केला. पुण्यात १८२१ मध्ये जन्मलेले बापूदेव शास्त्री पुढे काशीच्या सरकारी संस्कृत कॉलेजात गणित आणि ज्योतिषाचे अध्यापक झाले.

याच परंपरेत कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ येतात. त्यांचा 'ग्रहलाघव' साधारण १५२० चा. त्यांनी काय केलं? ग्रहांची स्थानं काढायला ज्या-कोज्यांची, म्हणजे आजच्या साइन-कोसाइनची, लांबलचक गणितं लागत. त्यांनी ती टाळून साध्या गुणाकार-भागाकाराने पुरेसं अचूक उत्तर देणाऱ्या रीती बसवल्या. पंचांगकर्त्याकडे वेळ थोडा आणि साधन म्हणजे पाटी. उपलब्ध साधन पाहून रीत निवडली, म्हणून तो ग्रंथ शतकानुशतके वापरात राहिला.

ही गोष्ट लक्षात ठेवा. साधन थोडं असेल तर कामाची फोड हुशारीने करावी लागते. पुढे पुण्यात हेच झालं.

पहिला मुक्काम : मुंबईचा टिफ्रॅक

भारतात आलेला पहिला डिजिटल कॉम्प्युटर इंग्लंडहून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला. तो तयार यंत्र होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, म्हणजे टीआयएफआरने, दुसरा मार्ग धरला. यंत्र स्वतः जुळवायचं. आर. नरसिंहन यांच्या पुढाकाराखाली तरुण मंडळी कामाला लागली. आधी चाचणीसाठी लहान यंत्र केलं, ते १९५६ मध्ये चालू झालं. पूर्ण यंत्र १९६० मध्ये कामाला लागलं आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिलं.

या यंत्रात २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. मेमरी होती फेराइट कोअरची, म्हणजे चुंबकीय मण्यांची, आणि तिच्यात २,०४८ शब्द मावत. प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आजच्या भाषेत ही सगळी मेमरी मिळून सुमारे १० किलोबाइट. तुमच्या फोनमधला एक छोटा फोटोही तिच्यात मावणार नाही.

इथे दोन निर्णय पाहा. मेमरीसाठी त्यांनी त्या वेळचा नवा आणि भरवशाचा प्रकार उचलला. तो निर्णय अचूक ठरला. पण ट्यूबांच्या बाबतीत काळ पुढे निघून गेला. यंत्र पुरं होईतो जगात ट्रान्झिस्टरचे कॉम्प्युटर आले होते. १९६४ मध्ये टीआयएफआरने सीडीसी ३६०० हे परदेशी यंत्र आणलं.

मग टिफ्रॅक वाया गेला का? मुळीच नाही. त्यातून यंत्र समजणारी माणसं तयार झाली. पण भाग निवडणाऱ्यांनी एक गोष्ट टिपून ठेवावी. जुळणी लांबली की भाग शिळे होतात. आज प्रोसेसर घेतला, ग्राफिक्स कार्ड पुढच्या दिवाळीला घेऊ, असं करत दोन वर्षं काढली तर पहिल्या भागाची वॉरंटी डब्यातच संपते. पैसे जमवा, यादी करा, आणि सगळे भाग एका फेरीत आणा.

दुसरा मुक्काम : पुणे, ३ वर्षं आणि ३० कोटी

आता १९८० च्या दशकात या. हवामानाच्या अंदाजासाठी भारताला सुपरकॉम्प्युटर हवा होता. तो अमेरिकेच्या क्रे कंपनीचा. आपण मागितला क्रे एक्स-एमपी २४, म्हणजे दोन प्रोसेसरांचा. अमेरिकेने द्यायचं कबूल केलं एक प्रोसेसरचं एक्स-एमपी १४, तेही वापरावर अटी घालून. कारण उघड होतं. जे यंत्र पावसाचं गणित करतं, ते अण्वस्त्रांचं आणि क्षेपणास्त्रांचंही करू शकतं. फौजेत काम केलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. रसद दुसऱ्याच्या हाती असली की तुमच्या मोहिमेचं वेळापत्रकही तोच ठरवतो.

यावर उत्तर म्हणून मार्च १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. प्रमुख होते अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर. मुदत ३ वर्षं, निधी ३० कोटी रुपये, आणि लक्ष्य एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला १०० कोटी दशांशी आकडेमोडी.

क्रेसारखा एक अतिवेगवान प्रोसेसर घडवायचा तर त्याची खास चिप, खास थंडावा, सगळंच नव्याने करावं लागलं असतं. ३० कोटी आणि ३ वर्षांत ते होणं नव्हतं. म्हणून दुसरी वाट धरली. बाजारात मिळणारे साधे प्रोसेसर पुष्कळ घ्यायचे आणि काम त्यांच्यात वाटून द्यायचं. एका पहिलवानाऐवजी शिस्तीची पलटण. ही कल्पना एकट्या पुण्याची नव्हती. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने १९८६ मध्येच इंटेलच्या साध्या ८०८६ आणि ८०८७ चिप्स जोडून 'फ्लोसॉल्व्हर' केला होता. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राने 'अनुपम' केला.

मग प्रोसेसर कोणता? सी-डॅकने निवडला ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर, टी-८०० जातीचा. का? इथे या सगळ्या इतिहासाचं मर्म आहे. वेग हे एकच कारण नव्हतं. या चिपच्या अंगातच शेजारच्या चिप्सशी बोलणाऱ्या चार वाहिन्या होत्या. एकाची वाहिनी दुसऱ्याला जोडली की दोघे निरोप देऊ-घेऊ लागत. मध्ये वेगळी महागडी यंत्रणा लागत नसे. पलटण बांधायची तर प्रत्येक जवानाकडे वायरलेस सेट हवा. तो सेट या चिपसोबतच येत होता.

१९९१ मध्ये 'परम ८०००' जगापुढे आला. त्याच्या ६४ प्रोसेसरांतली जोडणी कामाप्रमाणे बदलता येत होती. 'परम' हा संस्कृत शब्द आहेच, शिवाय इंग्रजीत समांतर यंत्र या अर्थाच्या शब्दांतून तो जुळवलेला आहे. हे यंत्र पुढे रशियासारख्या देशांतही गेलं.

पुढची पायरी 'परम ८६००'. ट्रान्सप्युटर निरोप पोचवण्यात वाकबगार, पण नुसत्या आकडेमोडीत मागे पडू लागला होता. म्हणून इंटेलचा आय-८६० हा प्रोसेसर मदतीला घेतला. आकडेमोड आय-८६० ने करायची, निरोप ट्रान्सप्युटरने न्यायचे. जुनं फेकून दिलं नाही; ज्याला जे जमतं ते त्याच्याकडे सोपवलं. गंमत पाहा, हाच आय-८६० त्या काळी सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या भारी चित्रयंत्रांमध्येही बसवला जात होता. म्हणजे पडद्यावर त्रिमितीय चित्र काढण्याचं गणित आणि विज्ञानाचं गणित, ही सख्खी भावंडं आहेत हे तेव्हाच दिसू लागलं होतं.

खेळाचे भाग मोहिमेवर

पुढे ही भावंडं एका घरात नांदू लागली. व्हिडिओ गेममध्ये काय होतं? साध्या फुल एचडी पडद्यावर १,९२० गुणिले १,०८० म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचं तर दर सेकंदाला १२ कोटींहून जास्त ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. प्रत्येक ठिपक्याचं गणित साधारण सारखंच असतं. म्हणून ग्राफिक्स कार्डात छोटी छोटी गणितं एकाच वेळी करणारे शेकडो, पुढे हजारो घटक बसवले गेले. हीसुद्धा पलटणच.

एनव्हिडिया कंपनीने २००७ च्या सुमारास 'कूडा' ही सोय खुली केली आणि खेळासाठी केलेल्या कार्डावर विज्ञानाची गणितं सरळ चालू लागली. जगभरच्या पोरांनी खेळासाठी कार्डं विकत घेतली, त्यामुळे उत्पादन वाढलं, भाव उतरले, आणि त्याचा लाभ शास्त्रज्ञांना मिळाला.

सैनिकी इतिहासातलं एक उदाहरण सांगतो. अमेरिकेच्या वायुदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने न्यूयॉर्क राज्यातल्या रोम या गावी २०१० मध्ये 'काँडोर' नावाचा सुपरकॉम्प्युटर उभा केला. कशातून? सतराशेहून अधिक प्लेस्टेशन ३ मधून! मुलांच्या खेळाचे डबे एकमेकांना जोडले. खर्च सुमारे २० लाख डॉलर, वेग सुमारे ५०० टेराफ्लॉप्स. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी. तेवढ्या वेगाचं तयार यंत्र कितीतरी महाग पडलं असतं.

पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. त्याच वर्षी सोनी कंपनीने नव्या अपडेटमधून प्लेस्टेशन ३ वर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालवण्याची सोयच काढून टाकली. डबा तोच, पण पुढे त्यातून तसं काम घेण्याचा दरवाजा बंद. क्रेच्या वेळी जो धडा आपण शिकलो, तोच पुन्हा दिसला. ज्या भागाचा बदली तुकडा, किंवा ज्याचं कुलूप, दुसऱ्याच्याच हाती आहे, त्यावर सगळी मोहीम टांगू नये.

तिसरा मुक्काम : वाराणसी

आता काशीला येऊ. पंडित मदनमोहन मालवीयांनी १९१६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठ उभं केलं. तिथलं अभियांत्रिकी कॉलेज १९१९ पासूनचं, आणि २०१२ पासून ते आयआयटी बीएचयू म्हणून ओळखलं जातं. २०१५ मध्ये केंद्र सरकारने ४,५०० कोटींचं राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन मंजूर केलं. त्याखाली देशात जुळवलेलं पहिलं यंत्र या आयआयटीत बसलं. नाव 'परम शिवाय'. 'परम' पुण्याचं, 'शिवाय' काशीच्या विश्वनाथाचं. उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते १९ फेब्रुवारी २०१९ रोजी झालं. मराठी माणसाला ही तारीख वेगळी सांगायला नको, त्या दिवशी शिवजयंती असते!

खर्च होता सुमारे साडेबत्तीस कोटी. वेग सुमारे ८३० टेराफ्लॉप्स. परम ८००० च्या वेळी ३० कोटींत लक्ष्य होतं एका गिगाफ्लॉपचं; तेवढ्याच आकड्याच्या रकमेत आता वेग आठ लाखपटींवर गेला. आणि मधल्या काळात रुपयाची किंमत किती उतरली, हे वेगळंच.

मला मात्र वेगापेक्षा या यंत्राची खरेदीची यादी जास्त बोलकी वाटते. त्यात आकडेमोड करणारे २२३ नोड आहेत. नोड म्हणजे स्वतंत्र कॉम्प्युटरच समजा. त्यांची वाटणी अशी : १९२ साधे नोड, प्रत्येकात इंटेल झिऑनचे दोन प्रोसेसर आणि १९२ जीबी मेमरी. २० नोड जास्त मेमरीचे, प्रत्येकी ७६८ जीबी. आणि ११ नोड ग्राफिक्स कार्डांचे, प्रत्येकात एनव्हिडियाची व्ही-१०० जातीची दोन कार्डं. हे सगळे एकमेकांना इन्फिनीबँड नावाच्या अतिवेगवान जाळ्याने बांधलेले.

हिशेब करू. एका व्ही-१०० कार्डाचा वेग सुमारे ७ टेराफ्लॉप्स. २२ कार्डांचे झाले १५४. म्हणजे २२३ पैकी अवघे ११ नोड एकूण वेगाचा जवळजवळ पाचवा हिस्सा देतात. मग कोणीही विचारील, सगळेच नोड कार्डांचे का नाही घेतले? वेगाचा आकडा कितीतरी फुगला असता!

उत्तर कामात आहे. विद्यापीठात शेकडो संशोधक असतात. कोणी हवेचा प्रवाह मोजतो, कोणी रेणूंची हालचाल, कोणी धातूंची घडण. त्यांच्या बऱ्याच प्रोग्रॅम्सची लिखावट साध्या प्रोसेसरसाठी आहे. त्यांना कार्ड दिलं तर ते नुसतं गरम होत बसेल. काहींची अडचण वेगाची नसतेच, त्यांचा प्रश्न मेमरीत मावत नाही. त्यांच्यासाठी ते २० नोड. यादी करणाऱ्याने आधी काम मोजलं आणि मग भाग मोजले.

घरच्या यादीसाठी

आता हे सगळं तुमच्या सत्तर हजारांच्या यंत्राला लावू. भाव महिन्याला बदलतात, म्हणून रुपयांऐवजी हिस्से सांगतो.

पहिला प्रश्न, काम कोणतं? खेळ कोणते आणि मॉनिटर कोणता? मॉनिटर फुल एचडी असेल तर फोर-के साठीचं कार्ड म्हणजे नाकापेक्षा मोती जड, कारण फोर-के ला चौपट ठिपके लागतात. मुलगा स्पर्धेचे वेगवान नेमबाजीचे खेळ खेळत असेल तर प्रोसेसरकडे थोडं जास्त झुका. देखण्या, मोठ्या जगांच्या कथाखेळांची आवड असेल तर ग्राफिक्स कार्डाकडे झुका.

मॉनिटर वेगळा धरून १०० रुपयांची माझी वाटणी अशी : ग्राफिक्स कार्डाला ४०, प्रोसेसर आणि मदरबोर्डला मिळून २८, मेमरी आणि एसएसडीला १८, एसएमपीएस आणि कॅबिनेटला १४. खेळ पाहून यात चार-पाच रुपये इकडचे तिकडे करा, पण कुठल्याही एका रकान्याची उपासमार करू नका.

दुसरा प्रश्न, जोडणी कशी? फौजेचा काफिला सर्वात हळू गाडीच्या वेगाने चालतो. भारी कार्डाशेजारी कमकुवत प्रोसेसर बसवला तर कार्ड त्याची वाट पाहत उभं राहतं. मेमरीची १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जागी लावा; मग ये-जा दोन वाटांनी होते. प्रोसेसरचं सॉकेट मदरबोर्डला जुळतं का, मेमरी डीडीआर ४ की ५, कार्ड कॅबिनेटमध्ये लांबीला मावतं का, हे दुकानात जाण्याआधी कागदावर तपासा.

तिसरा प्रश्न, रसद. एसएमपीएस म्हणजे यंत्राचा मुदपाकखाना. खेळाच्या गुणांत तो दिसत नाही, म्हणून लोक तिथेच काटकसर करतात. बिननावाचा स्वस्त एसएमपीएस जाताना शेजारचे महाग भाग सोबत नेऊ शकतो. चांगल्या कंपनीचा, प्रमाणित आणि गरजेपेक्षा थोडा जास्त क्षमतेचा घ्या. गावाकडे वीज वर-खाली होत असेल तर यूपीएस आधी आणि रंगीत दिवे नंतर. हवा खेळती राहील असं कॅबिनेट पाहा.

चौथा प्रश्न, पुढची वाट. एएमडीचं एएम-४ सॉकेट २०१६ मध्ये आलं आणि पुढे कित्येक वर्षं त्यावर नवे प्रोसेसर येत राहिले. ज्यांनी तेव्हा बरा मदरबोर्ड घेतला, त्यांना नंतर नुसता प्रोसेसर बदलून काम भागवता आलं. परम ८६०० मध्ये जुन्याला नवी जोड दिली, तसंच. म्हणून आज बदलायला सोपे ते भाग, जसं मेमरी किंवा एसएसडी, थोडे कमी घेतले तरी चालतील. बदलायला अवघड तो पाया मात्र विचाराने निवडा. आणि प्रत्येक भागाचं पक्कं बिल घ्या, वॉरंटी कोण देतो ते विचारा.

शेवटी एक तुलना, केवळ अंदाजासाठी. २०२१ मध्ये आलेल्या मध्यम दर्जाच्या आरटीएक्स ३०६० या गेमिंग कार्डाचा कागदावरचा वेग १२ टेराफ्लॉप्सहून जास्त आहे. हा आकडा एकेरी अचूकतेचा, आणि सुपरकॉम्प्युटरचे आकडे दुहेरी अचूकतेचे, म्हणून सरळ बरोबरी करता येत नाही. तरीही १९८८ मध्ये देशाने जो एक गिगाफ्लॉप गाठायला संस्था उभी केली, त्याच्या कितीतरी पुढचं सामर्थ्य आज मुलाच्या टेबलाखाली बसतं. त्यावर खेळ खेळू द्या. आणि एखाद्या रविवारी त्याला झाकण उघडून सांगा, की बाबा रे, हे भाग विकत मिळतात म्हणून आपण जुळवतोय. एके काळी आपल्याला मिळत नव्हते, म्हणून पुण्यातल्या माणसांनी मिळाले त्या भागांतून मेळ घातला.

पुढच्या भागात पुन्हा घाटवाटांकडे वळू. तोवर, जय हिंद!